माळावरची कडक भाकरी

मुक्ताबाई शिवशरण यांच्या हातात त्यांच्या घराचा नकाशा पहिल्यांदा दिला, तेव्हा त्यांनी तो उलटा धरला. मी सरळ करून द्यायला लागलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, असंच बरं हाय. अशानं दार उगवतीला येतंय."

मग त्यांनी बोटानं एकेक खोली तपासली. पुढची खोली, मागची खोली, संडास, न्हाणी. स्वयंपाकघरावर बोट थांबलं. तिथं भिंतीला लागून दोन रेघा होत्या.

"हे काय?"

"ओटा. उभं राहून स्वयंपाक करायचा."

"उभ्यानं भाकरी?" त्या हसल्या. "इंजिनेर, ज्यानं हे काढलंय त्याच्या घरात नुसत्या चपात्याच करत असतील."

सिव्हिलचा डिप्लोमा संपवून मी नुकताच त्या वसाहतीच्या ठेकेदाराकडं लागलो होतो. लोकांना घराचा ताबा द्यायचा, गळती आणि भेगा लिहून घ्यायच्या, दुरुस्त्या करून घ्यायच्या, हे माझं काम. वसाहत सोलापूरच्या बाहेर, तुळजापूर रस्त्यावरून आत वळलं की माळावर. कागदावर तिला मोठं नाव होतं, पण सगळे 'माळावरची घरं' असंच म्हणायचे. चार-चार मजल्यांच्या इमारती, रंग नवा, नळाला पाणी, आणि निम्म्याहून जास्त दारांना कुलूप.

कुलूप घर आवडलं नाही म्हणून नव्हतं. गरिबाला घर घ्यायला सरकार अनुदान देतं, पण ते अनुदान माणसाच्या मागं मागं फिरत नाही. शहरात भाड्यानं राहणाऱ्याला त्या खोलीसाठी काही मिळत नाही. स्वतःची जागा असली तर तिच्यावर बांधायला मिळतं. जागा नसली तर योजनेतली घरं जिथं उभी राहतात तिथं जावं लागतं, आणि ती जमीन स्वस्त असेल तिथं उभी राहतात, म्हणजे बहुतेक वेळा बस पोचत नाही तिथं. अशा कुटुंबापुढं दोन पत्ते येतात. एका पत्त्यावर काम असतं, दुसऱ्यावर घर. बरेच जण कामाच्या पत्त्यावर राहतात आणि घराच्या पत्त्याला कुलूप लावतात.

मुक्ताबाईंचं काम नवी पेठेत होतं. पेठेच्या मागच्या बोळात त्यांची भाड्याची खोली आणि दोन बोळ पलीकडं शेखलाल चाचांची मटणाची खानावळ. खानावळीच्या भाकरी मुक्ताबाईंच्या. लग्न होऊन मोहोळकडून सोलापुरात आल्या त्या वर्षीच त्यांनी हे काम धरलं. पती नागनाथ टॉवेलच्या कारखान्यात मागावर. त्यांची पाळी बदलत राहायची, मुक्ताबाईंची कधी बदलली नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, दुरडीत धडपा अंथरून, वाफाळत्या भाकरी घेऊन त्या बोळातून चालत जायच्या. ज्वारीची, पांढरी, टम्म फुगलेली, वरचा पापुद्रा कागदासारखा. गिऱ्हाईक खानावळीत शिरताना मटणाआधी विचारायचं, "भाकरी मुक्ताबाईची हाय न्हवं?"

सोडतीत घर लागलं, तेही त्यांच्या नावावर, कारण योजनेत बाईचं नाव लागतं. नागनाथनी पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं, "घेऊन ठेवू. कुलूप लावू. पुढं धम्माच्या लग्नात कामाला येईल."

धम्मा म्हणजे त्यांची मुलगी धम्मप्रिया. अकरावीला होती. ती म्हणाली, "पप्पा, माझ्या लग्नात घराला काय करायचंय? मांडवात उभं करणार का?"

पण कुलूप लावून ठेवणं सोपं नव्हतं. या घरात राहायचं, असा नियम होता. काही वर्षं ते विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही. एक दिवस पेठेत भोंगा लावलेली रिक्षा फिरली. वसाहतीतल्या घरांची पाहणी होणार, कुटुंब राहत नसेल तर घर काढून घेऊन यादीतल्या पुढच्याला देणार. मुक्ताबाई तेव्हा भाकरी थापत होत्या. हातातली भाकरी तव्यावर टाकून त्या उठल्या आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

नागनाथ कामावरून आले तेव्हा ट्रंक भरलेली होती.

"मुक्ते, तितं जाऊन काय माळाला भाकरी चारणार हायस?"

"माळाला कशाला? चाचाचं गिऱ्हाईक हाय की. बसनं आणून देते."

"बसनं भाकरी!"

"माणसं येत्यात, भाकरीला काय झालं?"

नागनाथ गेले नाहीत. त्यांचा कारखाना खोलीपासून जवळ होता. त्यांनी खोली ठेवली आणि ते तिथंच राहिले. मुक्ताबाई मुलीला घेऊन माळावर आल्या. तिसरा मजला मिळाला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी ओट्यावर पाण्याची भांडी मांडली आणि शेगडी खाली फरशीवर घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरची बाई वर आली. तिला वाटलं होतं, वर कुणीतरी भिंत फोडतंय.

"भाकरी थापायलेय," मुक्ताबाई म्हणाल्या. "लई जोरात व्हायलंय का?"

बाई म्हणाली, नाही, चालू द्या. ती गेल्यावर मुक्ताबाई मला म्हणाल्या, मी तेव्हा नळाची गळती बघायला आलो होतो, "भाड्याच्या खोलीत हळू थापावं लागतंय, इंजिनेर. वर मालक निजलेला असतोय. एका मालकानं तेवढ्यासाठी खोली सोडाय लावली व्हती. इतकी वर्सं चोरून थापल्यासारखं थापलंय." आणि त्यांनी पुढच्या भाकरीवर असा हात मारला की माझ्या पान्ह्याची पेटी हलली.

बसनं भाकरी नेण्याचं मात्र जमलं नाही. पहाटे उठून त्या दुरडी भरायच्या, फाट्यापर्यंत चालत जायच्या, बस मिळेल तेव्हा मिळायची. वाफ दुरडीत कोंडायची. नवी पेठेत पोचेपर्यंत खालच्या भाकरी ओल्या आणि वरच्या चिवट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेखलाल चाचांनी एक भाकरी दोन्ही हातांनी ताणून बघितली. तुटली नाही.

"काय ओ मुक्ताबाई, मी भाकरी सांगितली, तुमी चादर आणली की! गिऱ्हाईकानं खायची का पांघरायची?"

खानावळीतले लोक हसले. मुक्ताबाईही हसल्या, पण परत येताना बसमध्ये त्यांनी दुरडी मांडीवर घट्ट धरली होती, असं धम्मप्रियानं मला नंतर सांगितलं. त्यांनी धडपा बदलून बघितला. झाकण उघडं ठेवलं तर कडा वाळल्या. गरम राहणारा मोठा डबा कुणाकडून तरी मागून आणला, त्यात तर भाकरीचा लगदाच झाला.

शेवटी चाचांनी त्यांना आत बोलावून, खुर्ची देऊन सांगितलं. "तुमच्या हाताला नावं ठेवणारा अजून जल्मला न्हाय. पण तुमचा हात तितं, माझं गिऱ्हाईक हितं. मी दुसरी बाई बघितली. राग मानू नका."

"राग कशाचा, चाचा?" त्या म्हणाल्या. "गरम भाकरीचं काम हाय. ती कुणासाठी थांबती?"

त्या दुपारी त्या परत आल्या तेव्हा जिन्यात एक गोरापान माणूस उभा होता. हातात दोन मोबाईल. वसाहतीत असे दलाल बरेच फिरायचे. त्याच्याबरोबर आणखी एक होता, बाहेरगावाहून कामाला आलेला, झुपकेदार मिशांचा.

"मावशी, तुम्ही कशाला त्रास घेताय?" मोबाईलवाला म्हणाला. "निवांत पेठेत राहा. इथं मी ह्यांना ठेवतो, भाडं तुम्हाला. पाहणीला कोण आलं तर तुमच्या बहिणीचं कुटुंब आहे म्हणून सांगू."

मुक्ताबाईंनी मिशीवाल्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "माझ्या बहिणीला मिशा कवा फुटल्या?"

दोघं निघून गेले. पण वसाहतीतल्या किती दारांनी त्यांना आत घेतलं असेल ते मला माहीत नाही. मुक्ताबाईंनाही मोह झाला नसेल असं नाही. हातातलं काम त्याच दिवशी गेलं होतं.

सुट्टीच्या दिवशी नागनाथ भाजी आणि शेंगा घेऊन आले. तिसऱ्या मजल्यावर येईतो दमले होते, आणि दम लागल्यामुळं त्यांचा राग अर्धाच बाहेर आला.

"चल परत."

"कशाला?"

"धंदा बसला की तुजा."

"धंदा बसला. मी कुटं बसले?"

"मग काय करणार हितं? धम्माचं कालेज तिकडं, माझा कारखाना तिकडं. हितं हाय काय? वारा!"

खरंच, वारा होता. दिवसभर सुसाट. धम्मप्रिया म्हणायची, "आई, इथं नेटवर्क फक्त जिन्यात येतं आणि वारा सगळीकडं." इमारतीतली सगळी पोरं त्यामुळं जिन्यात बसून अभ्यास करायची.

नागनाथ जेवून गेले. मुक्ताबाईंनी उरलेल्या भाकरी उचलल्या. सकाळच्या होत्या, खिडकीजवळ उघड्या राहिलेल्या. वाऱ्यानं पार वाळल्या होत्या. त्यांनी एक मोडली. मोडताना आवाज आला. सोलापूरच्या माणसाला हा आवाज काही नवा नाही, कडक भाकरी इथं गल्लोगल्ली मिळते. पण मुक्ताबाईंनी ती आयुष्यात कधी केली नव्हती. मुद्दाम केली नव्हती. त्यांच्या लेखी ती भाकरीच नव्हती. पेठेत त्या उघड म्हणायच्या, "कडक भाकरी म्हंजे शिळ्या भाकरीची थोरली भण."

हे त्यांनी जिच्या तोंडावर म्हटलं होतं ती शांतम्मा. अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी, कडक भाकरीत तिचा हात धरणारं पेठेत कोणी नव्हतं. तीही मागं राहिली नव्हती. मुक्ताबाईंची दुरडी दिसली की म्हणायची, "घेऊन जा लवकर. तुझी रोट्टी दुपारी मरते." गंमत म्हणजे वसाहतीत मुक्ताबाईंच्या समोरचंच दार शांतम्माला लागलं होतं. ती एकदाच आली, उंबऱ्यावर नारळ फोडला, कुलूप लावलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई शांतम्माच्या शहरातल्या खोलीत गेल्या.

"अय्यो, मुक्ता! चप्पल वाट चुकली काय तुझी?"

"शिकव मला."

"काय शिकवू?"

"तुझी खटक रोट्टी."

शांतम्मा हसायला लागली ती थांबेचना. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसली. "आणि ती शिळ्या भाकरीची भण म्हणालेली कोण?"

"मीच. आता शिकव."

"का शिकवू? माझं गिऱ्हाईक खाशील."

"तू पुड्या देतीस स्टँडाकडं. मी तिकडं पाय ठेवत न्हाय. माझी पेठ. शब्द."

शांतम्मानं पाट पुढं सरकवला. "बस. आधी थाप, बघू."

मुक्ताबाईंनी थापली. पातळ, गोल, कडा एकसारख्या. शांतम्मानं मान हलवली. तव्यावर टाकली, उलटली, आणि ती फुगली. टम्म. मुक्ताबाईंच्या हातची कुठलीही भाकरी फुगायचीच. शांतम्मानं हातातला फडक्याचा बोळा भाकरीवर आपटला.

"दाब! फुगाय देऊ नको!"

"मी कुटं देतेय? आपली आपण फुगायलीय."

"फुगली की दोन पापुद्रे. पुडीत गेली की चुरा. दाब, दाब, कडेला दाब!"

दुसरी फुगली. तिसरीही. मऊ भाकरीत फुगणं म्हणजे सगळं काही. फुगली नाही तर सासू बोलते, गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. कडक भाकरीत तीच गोष्ट दोष. मंद आचेवर फडक्यानं सारखं दाबत राहायचं, आतली वाफ कडेकडेनं बाहेर काढायची, भाकरी श्वास घ्यायला लागली की दाबायचं, पार पापडासारखी ताठ होईपर्यंत. मुक्ताबाईंच्या हातांनी इतक्या वर्षांत जे कमावलं होतं तेच आता आडवं येत होतं.

"तुझा हातच फुगलेला हाय," शांतम्मा म्हणाली. "साकु. आज पुरे. उद्या ये, फुगारा घरी ठेवून ये."

त्या रोज गेल्या. माळावरून बसनं जायचं, शांतम्माच्या खोलीत शिकायचं, परत येऊन रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा करून बघायचं. बिघडलेल्या भाकरी घरात साठल्या. आमटीत चुरून, दुधात चुरून, शेंगाच्या चटणीबरोबर, सगळ्या तऱ्हांनी खाऊन धम्मप्रिया कंटाळली. "आई, एक तरी फुगव गं. नुसती बघायला." मुक्ताबाईंनी फुगवली नाही. म्हणाल्या, हात पुन्हा विसरंल.

एके दिवशी त्या मला शोधत कार्यालयात आल्या. "इंजिनेर, गच्चीची किल्ली द्या."

गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या, म्हणून ती बंद ठेवायचा नियम होता. कशाला पाहिजे, विचारलं.

"भाकरी उभ्या करायच्यात."

भाकरी तव्यावरून उतरली की तिच्यात थोडी ऊब असते. एकावर एक ठेवली तर घाम येतो आणि सादळते. शांतम्माची खोली गटाराकडेला होती, भिंती ओल्या. पावसाळ्यात तिच्या निम्म्या भाकरी सादळायच्या आणि ती त्या पुन्हा शेकायची. इथं गच्चीवर मोकळा कोरडा वारा होता. मी साहेबांना विचारलं. टाक्यांच्या बाजूला कुणी जाणार नाही, या अटीवर सकाळपुरती किल्ली मिळाली. मुक्ताबाईंनी गच्चीवर खाट टाकली, तिच्यावर स्वच्छ लुगडं अंथरलं आणि भाकरी एकीला एक टेकवून, कडेवर उभ्या केल्या. वर दुसरं पातळ लुगडं. वारा त्यांच्यामधून शिट्टी वाजवत जायचा.

त्या भाकरी घेऊन त्या नवी पेठेतल्या एका किराणा दुकानात गेल्या. दुकानदारानं नखानं टकटक केलं, कानाजवळ नेऊन मोडली. तरी घेईना. "आज कडक हाय. चार दिवसांनी?"

"ठेवून घ्या. मी चार दिवसांनीच येते."

चार दिवसांनी गेल्या तर पुडी तशीच होती, भाकरीही तशीच. त्यांनी ती शेखलाल चाचांच्या गल्ल्यावरही नेली. चाचांनी पुन्हा दोन्ही हातांनी धरून ताणायला बघितलं. कटकन मोडली, तुकडा लांब उडाला.

"वा! चादर गेली, कौलं आली!" पण त्यांनी ती ठेवून घेतली. बाहेरगावचं गिऱ्हाईक जेवून निघताना सोबत नेण्यासारखं काही मागायचं, त्याला ती चालली.

मुक्ताबाईंचं जाणं-येणं त्यानंतर बदललं. रोज दोनदा जाणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा जाऊ लागल्या. भाकरी आता बससाठी थांबायला तयार होती. फाट्यावर बस उशिरा आली तरी त्या झाडाखाली निवांत बसायच्या, पुड्या शेजारी, आणि वसाहतीतल्या बायकांना विचारायच्या, कुणाला थापता येतं का नीट. त्यांना आणखी दोघी मिळाल्या. पहाटे तीन घरांतून थापण्याचा आवाज यायला लागला.

शांतम्माला त्यांनी सारखं बोलावलं. "अक्का, ये गं. हितला वारा बघ एकदा. तुझ्या सादळायच्या बंद होतील." शांतम्मा आली नाही. तिच्या मुलाचं शिलाईचं दुकान शहरात होतं, नातवंडांची शाळा तिथंच, आणि तिला जिना चढवत नव्हता. "मुक्ता, तुला वारा पुरतो. मला माणसं लागतात," ती म्हणाली.

एवढ्यात भोंग्याची रिक्षा पुन्हा फिरली. पाहणी सुरू झाली होती. शेजारच्या इमारतीत एका बाईचं घर गेलं. ती स्वतः राहत होती, पण नवरा आणि सगळं सामान शहरातल्या खोलीत. पाहणीवाल्यांनी म्हटलं, कुटुंब राहत नाही. हे ऐकल्यावर मुक्ताबाईंनी त्याच दिवशी नागनाथना फोन केला. खोली सोडा म्हणाल्या. नागनाथ म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हाही बघू. खोली होती तोवर त्यांना वाटत होतं, ही एक दिवस दमेल आणि परत येईल.

तिसऱ्यांदा त्यांनी फोन केला नाही. नागनाथ कामावर असताना त्या पेठेत गेल्या, टेम्पो केला, मालकाचं देणं मिटवलं, खोली झाडून किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि सामान माळावर आणलं.

संध्याकाळी फोन वाजला. मी जिन्यात होतो, आवाज मलाही ऐकू आला.

"मुक्ते! घर कुटं गेलं?"

"घर हितंच हाय. खोली गेली."

"मला न इचारता?"

"दोनदा इचारलं. दोन्ही येळा 'बघू' म्हणलाव. मग मी बघितलं."

नागनाथ रागावले आणि मागावरच्या त्यांच्या जोडीदाराकडं, येडूकडं, राहायला गेले. मुक्ताबाईंनी त्यांचे कपडे धुऊन, घडी करून खुंटीखाली ठेवले. रोज रात्री दाराची कडी उशिरा लावायच्या. मात्र खोली परत घेण्याचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

आणि पाहणीवाले नागनाथच्या आधी आले.

दोघं होते, एक साहेब आणि एक मोबाईलवर माहिती भरणारी मुलगी. घरं दाखवायला मी बरोबर. आधी समोरच्या दाराशी गेले. शांतम्माचं कुलूप, त्याच्यावर धूळ. मुलीनं फोटो काढला, दारावर नोटीस चिकटवली. मुक्ताबाई आपल्या उंबऱ्यात उभ्या राहून ते बघत होत्या. हाताला पीठ होतं. मग ते वळले.

"मुक्ताबाई नागनाथ शिवशरण?"

"मीच."

साहेबांनी आत बघितलं. फरशीवर शेगडी, परात, तवा, कोपऱ्यात पुड्या. धम्मप्रियाची पुस्तकं. खुंटीखाली पुरुषाच्या कपड्यांची घडी.

"घरात कोण कोण?"

"मी, मुलगी, तिचे पप्पा."

"ते कुठं आहेत?"

"कामावर."

"राहतात इथं? आमच्याकडं तक्रार आहे, ते शहरात राहतात."

मुक्ताबाई खोटं बोलतील असं मला वाटलं. मी असतो तर बोललो असतो. त्या म्हणाल्या, "रुसल्यात."

साहेब गडबडले. "रुसले? बाई, रुसले असा रकाना नाही आमच्याकडं. राहतात का नाही, एवढंच आहे."

"खोली मी सोडली. हे सोडून त्यांला दुसरं घर न्हाय. रुसून माणूस जाईल कुटं? चार दिस मित्राकडं."

"असं तोंडी कसं धरायचं?"

"मग त्यांलाच इचारा." त्यांनी फोन पुढं केला. "नंबर हाय. मी बोलत न्हाय, तुमीच बोला."

साहेबांनी नंबर लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडं आधी मागांचा खडखडाट आला, मग नागनाथ ओरडले, "कोण?"

"घराची पाहणी. नागनाथ शिवशरण का? तुम्ही राहता कुठं?"

खडखडाट. साहेबांनी पुन्हा विचारलं. धम्मप्रिया दाराची चौकट धरून उभी होती. मुक्ताबाईंनी तव्याखालची आच बारीक केली, पण पाठ फोनकडं ठेवली.

पलीकडं एक माग बंद झाला असावा, आवाज थोडा उतरला. "माळावरची घरं," नागनाथ म्हणाले. "चौथी इमारत. तिसरा मजला. जिना लई हाय."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? माझ्याच घराचं मला इचारताय व्हय? आज दिवसपाळी हाय, सुटलो की येतोय. आन् तिला तेवढं सांगा, मला ते कडक नको. मऊ भाकरी कर म्हणावं."

मुलगी खाली बघून भरत होती, पण हसत होती. साहेबांनी मुक्ताबाईंकडं बघितलं.

मुक्ताबाईंनी पिठाचा हात पदराला पुसला आणि लांबूनच, फोनमध्ये जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "करते. पण मऊ भाकरी वाट बघत न्हाय म्हणावं. सुटल्यावर येडूकडं टेकू नका, सरळ बस धरा."